मसाल्याच्या डब्याला टेकवलेलं प्रशिक्षण

दिवाळी अंकात मास्तर लोक लिहितात, डॉक्टर लिहितात, रिटायर झालेले फौजदार तर हटकून लिहितात. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईनं लिहावं असं कुणाला का वाटलं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित त्यांनीच फेरविचार केला असता.

माझं शिक्षण चौथी. वाचता येतं, सही करता येते, जोडाक्षर आलं की जरा थांबावं लागतं. त्यामुळं हे सगळं मी फोनशी बोलून लिहिलंय. मी बोलते, तो अक्षरं उमटवतो. नंतर शाळेतल्या गायकवाड बाईंनी चुका सुधारल्या. दोन-तीन ठिकाणी त्या म्हणाल्या, "मावशी, हे गाळू या का?" गाळलं नाही. वाघमोडे गुरुजींनाही वाचून दाखवलं, कारण गोष्ट त्यांचीच आहे. ते म्हणाले, "खरं हाय. पन एवढं खरं कशाला?"

आधी माझं काम सांगते. बारामतीहून इंदापूरकडं जाताना मोठा रस्ता सोडून उसातनं आत यावं लागतं, अशा एका वस्तीवर आमची शाळा आहे. दोन खोल्या, पहिली ते चौथी. पहिली-दुसरी गायकवाड बाईंकडं, तिसरी-चौथी गुरुजींकडं, आणि मागच्या पत्र्याच्या शेडात मी. तांदूळ आणि डाळी सरकारकडून येतात, भाजी-मसाला शाळेनं बघायचा. लोकांना वाटतं, खिचडी काय, टाकायची पातेल्यात आणि बसायचं. एवढं मोठं पातेलं खाली लागतं तेव्हा वर कच्चं असतं. घरी मीठ चिमटीनं घालतात, इथं मुठीनं, आणि मुठीची चूक निस्तरता येत नाही. घरी चुकलं तर नवरा निदान बडबड करत का होईना खातो. पोरं बडबड करत नाहीत. ताट तसंच ठेवतात आणि नळावर पाणी प्यायला जातात. तो अपमान मोठा असतो.

या कामात एक नियम आहे. पोरांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं अन्न चाखून बघायचं. काही बिघडलेलं असलं तर पोरांच्या आधी शिक्षकाच्या पोटात जावं, असा त्यातला अर्थ. नियम करणाऱ्यानं तुमचा जीव फारच स्वस्त धरलाय, असं मी गुरुजींना एकदा म्हणाले. त्यांना ते आवडलं नाही.

आमच्या शाळेत चाखायचं काम गुरुजींचं. वाघमोडे गुरुजी म्हणजे उंच, वाळलेला माणूस. बाप मेंढरं राखायचा, हा शिकला. ते शेडाच्या दारात यायचे, तळहातावर घास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मीठ कमी." रोज. उन्हाळा असो, पावसाळा असो, मीठ कमीच.

एकदा मी वाटीभर खिचडी वेगळी काढली, तिच्यात मूठभर मीठ कालवलं आणि तीच वाटी त्यांच्यापुढं केली. त्यांनी घास तोंडात टाकला, डोळे मिटले, "मीठ" म्हणाले आणि डोळे उघडले. तांब्याभर पाणी प्यायले.

"कमी हाय का?" मी विचारलं.

"आज बराबर हाय," गुरुजी म्हणाले आणि गेले.

हा माणूस हरला तरी कबूल करणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पुढं जे झालं ते त्यामुळंच झालं.

गावानं वर्गणी काढून शाळेला मोठा टीव्ही घेतला. साधा नाही, इंटरनेटवरचं सगळं दाखवणारा. तो गुरुजींच्या वर्गात भिंतीवर बसवला. गुरुजींनी घरून त्याच्यासाठी विणलेलं झाकण आणलं. दसऱ्याला लोक ट्रॅक्टरला हार घालतात तसा त्यांनी टीव्हीला झेंडूचा हार घातला. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवला, किल्ली स्वतःकडं. टीव्हीवर शिकवायचं असलं की गायकवाड बाई यायच्या, आणि गुरुजी पहिली-दुसरीची पोरं घेऊन बाहेर चिंचेखाली पाढे म्हणून घ्यायचे. घरात नवी पाहुणीबाई आल्यावर म्हातारी माणसं जशी ओसरीवर जाऊन बसतात, तसे.

मग वरून आदेश आला. वर्गात फोन, टीव्ही, इंटरनेट कसं वापरायचं याचं प्रशिक्षण प्रत्येक शिक्षकानं ज्याचं त्यानं घ्यायचं. पूर्वी प्रशिक्षण म्हणजे इंदापूरला जायचं, सतरंजीवर बसायचं, चहा प्यायचा, यायचं. हे फोनवरच होतं. फोनमध्ये एक बाई धडा सांगणार, धडा संपला की प्रश्न येणार, उत्तरं दाबली की गुण.

एके दिवशी गुरुजी अवेळी शेडात आले.

"मावशी, ह्यो फोन हितं ठिवू का?"

"काय हाय त्यात?"

"प्रशिक्षण."

"कुणाचं?"

"माझं."

"मग माझ्याजवळ कशाला?"

"नुस्तं चालू ऱ्हायला पायजे. बाई बोलायची थांबली की खाली हिरवं येतं, ते दाबायचं. मला वर्ग हाय." त्यांनी फोन मसाल्याच्या डब्याला टेकवला आणि माझ्याकडं न बघता गेले.

वर्ग होता हे खरं. पण वर्ग हेच कारण असतं तर त्यांनी फोन घरी बघितला असता. त्यांना त्या फोनमधल्या बाईची भीती वाटत होती. कुत्र्याला न भिणारी माणसं असतात, सापाला न भिणारी असतात, पण जे आपल्याला येत नाही त्याला न भिणारा मास्तर मी बघितला नाही. जन्मभर दुसऱ्याला न येणारं तपासलेलं असतं ना.

असं रोज सुरू झालं. "शिक्षक मित्रहो," म्हणून ती बाई सुरुवात करायची. मी कांदा चिरायचे. "विद्यार्थ्यांच्या भावविश्वात शिरा," ती म्हणायची. मी म्हणायचे, "थांब, डाळ उतू चाललीय." तिला घाई नसायची. ती चांगली होती, माझ्यावर कधी चिडली नाही. ती काय शिकवायची त्यातलं चार आणेही मला कळलं नाही. आवाजाची सोबत मात्र व्हायची.

मग प्रश्न यायला लागले. गुरुजी म्हणाले होते, प्रश्न आले की हाक मारा. मी हाक मारली तर ते वर्गातनं म्हणायचे, "दाबा कायतरी, चुकलं तर परत देतंय." मी दाबायला लागले. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं. सगळी वाचेपर्यंत माझा भात लागला असता. पण मला एक गोष्ट दिसली, सगळ्यात लांबडं जे उत्तर असेल ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. लिहिणाऱ्याला खरं उत्तर नीट सगळं सांगावंसं वाटत असणार आणि खोटी उत्तरं तो उरकत असणार. मी लांबडं दाबायचे. टीव्हीच्या दुकानातल्यासारखा ढँग आवाज व्हायचा आणि चांदण्या पडायच्या. डाळ लवकर शिजली त्या दिवशी मी दोन-दोन परीक्षा दिल्या.

प्रशिक्षण संपलं. गुरुजींच्या नावाचं, त्यांच्या फोटोचं प्रमाणपत्र फोनवर आलं. गुरुजींनी ते मला दाखवलं. मी म्हटलं, "फोटू बरा हाय."

एवढ्यावर थांबलं असतं तर काही नव्हतं. पण आसपासच्या शाळा मिळून एक केंद्र असतं, आणि त्या केंद्रावर एक साहेब असतो, केंद्रप्रमुख. महिन्यातनं एकदा सगळ्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात, एकमेकांना पाठ दाखवतात, चर्चा करतात, जेवतात. आमचे केंद्रप्रमुख संतोष साहेब. कोऱ्हाळ्याकडचा मुलगा, गुरुजींची पहिली नोकरी तिकडं होती तेव्हा त्यांच्याच हाताखाली शिकलेला. साहेब मोटारसायकलवरून आले, गुरुजींच्या पाया पडले आणि म्हणाले, "गुरुजी, अख्ख्या केंद्रात तुमचे गुण सगळ्यात जास्त आहेत. आम्ही तर चाट पडलो. पुढची परिषद तुमच्याच शाळेत घेऊ. टीव्हीवरचा आदर्श पाठ तुम्हीच द्यायचा. तरुण मास्तरांना कळू दे."

मी शेडातनं ऐकलं आणि हातातली पळी खाली ठेवली.

त्या दिवशी गुरुजी चाखायला आले. घास घेतला, डोळे मिटले आणि काहीच बोलले नाहीत. तसेच उभे राहिले.

"मीठ?" मी म्हटलं.

"मावशी, मी सोडतो नोकरी. स्वेच्छानिवृत्ती घेतो."

"कशापायी?"

"संतोषला मी बाराखडी शिकवलीया. हात धरून. त्याच्याम्होरं मला टीव्ही लावता न्हाय आला, तर मी कोण ऱ्हायलो?"

"तेला सांगा की, मला येत न्हाय म्हणून."

"आन परीक्षा कुणी दिल्या ते इचारलं तर?"

मी पळी उचलली आणि खिचडी ढवळायला लागले.

मला गुरुजींची दया आली असं कुणी समजू नये. गुरुजी गेले असते तर त्यांच्या जागी दुसरा माणूस यायला किती काळ लागतो ते मी बघितलेलं आहे. मागं एकदा एक जागा रिकामी राहिली, तेव्हा तिसरी-चौथीची निम्मी पोरं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत गेली आणि परत आली नाहीत. आणखी तेवढीच गेली की शाळेला कुलूप. शाळेला कुलूप म्हणजे माझ्या पातेल्यालाही. या वयात मला दुसरीकडं कोण कामाला लावणार? उसाच्या तोडीला जाऊ? तेव्हा गुरुजींनी शाळेत राहणं ही माझी गरज होती.

मी सरळ जाऊन गायकवाड बाईंना सगळं सांगितलं. बाई तरुण, बारामतीच्या, डोक्यानं झटपट. त्या आधी हसल्या, मग त्यांना शाळेचं पुढचं दिसलं आणि हसायच्या थांबल्या.

"मी शिकवते त्यांना," त्या म्हणाल्या. "पण ते माझ्यापुढं बसणार नाहीत."

"बसत्याल," मी म्हटलं. "मी बसवते."

गुरुजींना मी म्हणाले, "चाखल्याबिगर वाढायचं न्हाय, ह्यो नियम हाय का न्हाय?"

"हाय."

"मग तुमचा पाठ साहेबाच्या ताटात पडायच्या आदी मी चाखणार. रोज शाळा सुटली की. माझी खिचडी तुमी रोज चाखता, मी कदी न्हाय म्हणलं का?"

गुरुजी नियमाचे गुलाम. नियम म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना.

शाळा सुटली की मी पातेली घासून वर्गात जायचे आणि पोरांच्या जागी पट्टीवर बसायचे. इतकी वर्षं त्या शाळेत काढली, पण वर्गात बसून धडा ऐकायची ती पहिलीच वेळ. चौथीत सुटलं ते सुटलंच होतं. असो. बाईंनी गुरुजींचा फोन वायरीनं टीव्हीला जोडून दिला. फोनमध्ये जे दिसेल ते टीव्हीवर मोठं दिसायचं. गुरुजींनी फोनवर बोट ठेवलं की फोन गप्प. ते अंगठा उठवल्यासारखं दाबायचे.

"गुरुजी, हळू. नुसतं टेकवायचं," बाई म्हणायच्या.

"टेकवलं तर त्येला कळतंय का?"

"पोरांना डोळे वटारल्यावर कळतं ना, तसंच."

चार-आठ दिवसांत बोट नरम झालं. पाठाचा विषय होता पुणे जिल्हा. बाईंनी लिहून दिलेलं गुरुजी पाठ करून म्हणायचे, मागं टीव्हीवर जिल्ह्याचं चित्र. डोंगर इकडं, नद्या तिकडं, पाऊस इतका. म्हणून झालं की माझ्याकडं बघायचे.

"अळणी हाय," मी म्हणायचे.

"म्हंजी काय?"

"म्हंजी अळणी. मी रोज ऐकून घेते, आता तुमी ऐका."

गुरुजींचा चेहरा पडायचा. मला त्यात मजा वाटत होती, हे लपवत नाही.

एक दिवस कंटाळून मी विचारलं, "ह्या टीव्हीत नरसिंगपूर दिसंल का?" माझं माहेर तिकडचं. बाईंनी फोनमध्ये एक नकाशा काढून दिला. रेघांचा नाही, आकाशातनं काढलेल्या फोटोचा. बोटांनी ताणला की जमीन जवळ यायची. गुरुजी ताणत गेले. भीमा आली, नीरा आली, दोन्ही एक झाल्या ती जागा आली, देवळाचं आवार आलं. मी उठून टीव्हीपाशी गेले.

"अजून खाली घ्या. वढ्याच्या अलीकडं. हां, त्यो पत्रा. त्यो भानुदासचा गोठा."

भानुदास माझा धाकटा भाऊ. भाऊबीजेला त्यानं सांगितलं होतं, "अक्का, औंदा इहिरीला पानी न्हाय. रान मोकळं पडलंय. साडी म्होरल्या वर्षी." आणि टीव्हीवर त्याच्या गोठ्यामागं हिरवागार ऊस उभा, बांधापासून बांधापर्यंत.

मी तिथंच त्याला फोन लावला.

"भान्या, ऊस झ्याक आलाय की."

"कुठला ऊस?"

"गोठ्यामागचा. बांधाला टेकलाय."

"तू कुठनं बघतीस?"

"वरनं."

नंतर त्याच्या बायकोनं सांगितलं, तो खरंच अंगणात जाऊन वर बघत उभा राहिला होता. मग त्याला राग आला. त्यानं आईची शपथ घेतली, मी बापाचा उद्धार केला, तो आमचा दोघांचाही बाप असल्याचं त्यानं लक्षात आणून दिलं. फोन ठेवला. इतक्यात गायकवाड बाई टीव्हीच्या कोपऱ्यात बघत म्हणाल्या, "मावशी, हा फोटो जुना आहे हो. आत्ताचा नाही."

"जुना म्हंजी?"

"दुष्काळाच्या आधीचा दिसतोय. ते फोटो काढून ठेवतात, मग कधीतरी बदलतात."

बाई हे आधी का नाही बोलल्या, ते मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही बोलू दिलं नाही. भानुदास त्यानंतर कितीतरी दिवस माझा फोन उचलत नव्हता. चूक माझी होती. पण आकाशातनं काढलेला फोटो खोटं बोलेल असं कुणाला वाटतं?

गुरुजी मात्र टीव्हीकडं बघत बसले होते. "खोटं न्हाय," ते म्हणाले. "शिळं हाय." मग त्यांनी बाईंचा कागद दुमडून खिशात घातला आणि फोनवर बोट फिरवायला लागले. नदीकाठानं गेले, डोंगर चढले, घाट उतरले. "हितनं आमी मेंढरं कोकणात न्यायचो," ते म्हणाले. "बापाच्या मागं मी." पुन्हा वर आले, दुसऱ्या वाटेनं गेले. आम्हाला घरी जा म्हणायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. बोट आता अंगठ्यासारखं पडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पाठ चाखवला तो वेगळाच होता. मी काही बोलले नाही. वाईट असतं तर बोलले असते.

तरी परिषद जवळ आली तसा त्यांचा धीर जायला लागला. मला म्हणाले, "संतोष समोर बसला आन हात थरथरला तर?"

मी म्हटलं, "अडलं की मी फोन करते. चव घ्यायला या म्हणून बोलवते. नियम हाय, कोन आडवणार? तुमी शेडात या, बाई पुढचं चालवतील." बाईंना विचारलं, त्याही हो म्हणाल्या. आम्ही तिघांनी मिळून हा बेत केला. तिघांत दोघं शिकलेले. आणि फोन करायचा तो टीव्हीला जोडलेल्या त्याच फोनवर करायचा, ह्यात काही घोटाळा आहे, हे तिघांतल्या एकालाही सुचलं नाही.

परिषदेच्या दिवशी चिंचेखाली मोटारसायकलींची गर्दी झाली. पोरांची खिचडी, पाहुण्यांना शिरा. माझ्या शेडात आणि गुरुजींच्या वर्गात एकच भिंत आणि एक उंच खिडकी. दिसत काही नाही, ऐकू सगळं येतं. गुरुजींचा आवाज आला. सुरुवातीला साहेबापुढं बोलल्यासारखा, मग नेहमीचा. पोरं उत्तरं देत होती, कुणीतरी हसलं. माझा जीव जरा खाली पडला. मी खिचडी ढवळली.

आणि एकदम सगळं गप्प झालं.

मी थांबले. पोरं नाहीत, गुरुजी नाहीत, कुणी खोकतही नाही. भरल्या वर्गात इतकं गप्प म्हणजे मास्तर अडला, दुसरं काय? पातेल्यावर झाकण टाकलं आणि फोन लावला.

खोलीत काय चाललं होतं ते मला नंतर बाईंनी सांगितलं. गुरुजींनी टीव्हीवर आमच्याच शाळेचा आकाशातला फोटो लावला होता आणि पोरांना विचारलं होतं, "ह्यात हाय पन आता न्हाय, असं काय? आन आता हाय पन ह्यात न्हाय, असं काय? जा, बघून या." पोरं पुढच्या अंगणात पळाली होती. निम्मे मास्तरही त्यांच्यामागं दारात जाऊन उभे होते. आत टीव्हीपुढं गुरुजी, साहेब आणि थोडी माणसं, सगळी गप्प राहून पोरांची वाट बघत.

तेवढ्यात टीव्हीवरची शाळा नाहीशी झाली आणि हातभर अक्षरांत नाव आलं, 'मीठ कमी'. खाली हिरवं आणि लाल. गुरुजींनी माझा नंबर त्या नावानं ठेवलेला होता. गडबडीत त्यांचा जुना अंगठा परत आला. लाल दाबायचं ते हिरवं दाबलं, वर आणखी काहीतरी दाबलं, आणि फोन मोठ्यानं बोलायला लागला. माझा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला, पण मी सुरू झाल्यावर थांबत नाही.

"गुरुजी, अडलं व्हय? मला वाटलंच हुतं. या चव घ्यायला, बाईंकडं द्या फोन. परीक्षा मी दिल्या म्हणून आता पाठ बी मीच द्यायचा का?"

बोलून झालं. मग भिंतीपलीकडं जी शांतता झाली ती आधीच्या शांततेसारखी नव्हती. मला फरक कळला, पण उशिरा.

गुरुजींचा आवाज आला. थरथर नाही, काही नाही. "मावशी, अडलं न्हाय. पोरं अंगणात बघाय गेल्यात. तुमी पातेलं सांभाळा." फोन बंद झाला.

मग पळत पावलं आली. ऋतुजा म्हणून चौथीतली पोरगी ओरडत सांगत होती, "गुरुजी, गुरुजी, चित्रात मागचा लिंब हाय, आता न्हाय. आन मावशीचं शेडच न्हाय चित्रात."

"का न्हाय?" गुरुजींनी विचारलं.

"शेड मागनं बांधलं."

"मंग चित्र खोटं का?"

पोरं विचारात पडली. कुणी म्हणालं खोटं, कुणी म्हणालं खरं. गुरुजींनी त्यांचं भांडण होऊ दिलं आणि मग ते म्हणाले, "चित्र खरं हाय. पन कदीचं हाय ते इचारल्याबिगर त्याच्यावरनं कुनाशी भांडायला जायाचं न्हाय." हे ते खिडकीकडं बघून म्हणाले, असं बाई सांगतात. टाळ्या वाजल्या. पण त्या जरा जपून वाजल्या.

थोड्या वेळानं शेडाच्या दारात गुरुजी आले आणि त्यांच्यामागं संतोष साहेब. त्यांच्यामागं चार-पाच मास्तर, उगाच पाणी प्यायला आल्यासारखे.

साहेबांनी विचारलं, "मावशी, परीक्षा तुम्ही दिल्या?"

"बोट माझं हुतं. नाव त्येंचं."

"उत्तरं कशी कळायची?"

"कुठली कळायला? लांबडं दाबायचे."

मागचा एक मास्तर हळूच म्हणाला, "कायम लांबडं?" त्याच्या शेजारचीनं त्याला कोपर मारलं, आणि बाकीचे पत्र्याकडं बघायला लागले. त्यांच्या घरी कुणाकुणाच्या मसाल्याच्या डब्याला काय टेकवलेलं होतं ते मी विचारलं नाही. साहेबांनीही विचारलं नाही. त्यांच्या हातात होतं ते सगळं. वर कळवलं असतं तर गुरुजींची अब्रू गेली असती, आणि गुरुजी त्याच दिवशी घरी गेले असते.

साहेब गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, चौथीत मी शेजारच्याच्या पाटीवरचं गणित बघून लिहिलं होतं. तुम्ही पकडलं. आठवतं?"

"आठवतंय."

"काय केलं होतं?"

"पुसायला लावलं. आन परत करायला लावलं."

"कुठं?"

"माझ्याम्होरं."

"मग पोरं जेवली की बसू या," साहेब म्हणाले.

पोरं जेवली, पाहुण्यांनी शिरा खाल्ला, मोटारसायकली गेल्या. वर्गात टीव्हीपुढं पोरांच्या पट्टीवर गुरुजी बसले आणि मागं गुरुजींच्या खुर्चीवर संतोष साहेब. खुर्चीवर बसायला ते तयार नव्हते, गुरुजींनीच बसवलं. "तपासणारानं खुर्चीवर बसायचं," म्हणाले. मी दारात उभी. फोनमधली बाई नेहमीसारखं "शिक्षक मित्रहो" म्हणाली. मी आपोआप कांदा शोधायला लागले.

गुरुजींनी एकामागून एक सगळे धडे ऐकले, दिवेलागणीपर्यंत. मान हलवत, मधेच थांबवून परत मागं नेत. प्रत्येक धड्यामागं प्रश्न आले. ते प्रत्येक उत्तर वाचत होते, चारही. ओठ हलायचे. मी दारातनं लांबड्या उत्तराकडं बघत होते आणि माझं बोट शिवशिवत होतं. पण साहेब खुर्चीवर होते. गुरुजींनी कुठं लांबडं दाबलं, कुठं आखूड. शेवटी चांदण्या पडल्या. पास. पण माझ्याहून कमी गुण.

साहेब खुर्चीवरून उठून गुरुजींच्या पाया पडले, आणि मोटारसायकलला किक मारून गेले. कुणाला काही कळवलं नाही. जुनं प्रमाणपत्र जाऊन त्याच फोटोखाली नवं आलं.

गुरुजी फोन घेऊन शेडात आले आणि तो माझ्यापुढं धरला. मी हात पदराला पुसला, फोन तळहातावर घेतला, डोळे मिटले.

"मीठ कमी," मी म्हणाले.

गुरुजींनी फोन काढून घेतला आणि खिशात घातला. नोकरी सोडायचं नाव त्यांनी परत काढलं नाही. आता टीव्हीचा रिमोट कपाटात नसतो, आणि विणलेलं झाकण मी पातेलं उतरवायला वापरते. फोनमधलं माझं नाव अजून तेच आहे, मी बघितलंय.

दुसऱ्या दिवशी ते चव घ्यायला आले. घास तळहातावर घेतला, तोंडात टाकला, डोळे मिटले. मी वाट बघत उभी राहिले.

"बराबर हाय," गुरुजी म्हणाले आणि वर्गावर गेले.

मी पळीभर घेऊन स्वतः चाखून बघितलं. मीठ खरंच कमी होतं.